कॅम्परव्हॅनने युरोप फिरताना डिझेलचा खर्च: देशांचे भाव कमी बघा, पंप आणि वेग जास्त बघा

पुण्याच्या एका दादांचा प्रश्न आहे. जूनमध्ये ते दोघं आणि दोन मुलं असे चौघं २१ दिवसांसाठी येतायत, म्युनिकहून भाड्याने कॅम्परव्हॅन घेणार, मग ऑस्ट्रिया, इटली, दक्षिण फ्रान्स, स्वित्झर्लंड करून परत म्युनिक. कुठल्या देशात डिझेल स्वस्त, प्रत्येक बॉर्डरच्या आधी टाकी भरायची का, आणि एकूण किती पैसे धरायचे, एवढं त्यांना हवंय.

मी आणि नवरा गेली नऊ वर्षं आमच्या डुकाटोने, म्हणजे फियाटच्या व्हॅनने फिरतोय, राहतो जर्मनीत, आउग्सबुर्गजवळ, आणि मला पहिल्या ट्रिपपासून वही ठेवायची सवय आहे. तारीख, मीटरचा आकडा, किती लिटर, काय भाव, पंप हायवेवरचा की गावातला. त्या वहीच्या जोरावर सांगते की तुमचा प्रश्न बरोबर आहे पण त्याचं वजन चुकीच्या जागी पडलंय, देशादेशातला फरक तुम्हाला वाटतोय तेवढा मोठा नाही आणि ज्या गोष्टींनी खरोखर पैसे जातात त्या प्रश्नात आल्याच नाहीत.

आधी साधं गणित करू. तुमचा रूट नकाशावर मांडला, म्युनिक, इन्सब्रुक, ब्रेनर, गार्डा तलाव, फ्लोरेन्स, पिसा, जिनोआ, नीस, आविन्यों, आनसी, जिनिव्हा, इंटरलाकेन, झ्युरिक आणि परत म्युनिक, तर साधारण २४०० किमी भरतात. प्रत्यक्षात ३००० धरा. कॅम्पिंगची जागा कधीच शहरात नसते, दूध-ब्रेड आणायला जाता, एखादा फाटा चुकतो, एखादा दिवस मुलं म्हणतात की तो कालचाच बीच हवा. आमची प्रत्येक ट्रिप नकाशापेक्षा वीस-पंचवीस टक्क्यांनी लांबलीये.

आता ॲव्हरेज. आपल्याकडे लिटरला किती किलोमीटर असं बोलतात, इथे १०० किलोमीटरला किती लिटर असं लिहितात, भाड्याच्या कागदांवरही तसंच असेल. १० लिटर म्हणजे आपलं १० चं ॲव्हरेज, आणि साडेबारा लिटर म्हणजे ८ चं. डुकाटोवर बांधलेली साधी उंच व्हॅन नीट चालवली तर साडेनऊ ते साडेदहा लिटर घेते. तुमच्यासाठी साडेदहा धरते, म्हणजे ३००० किमीला ३१५ लिटर. भाव आठवड्याला बदलतात, गणितासाठी १.६५ युरो धरू, तर ५२० युरो होतात. युरो शंभर रुपयांच्या आसपास धरलात तर बावन्न हजार, एवढा तुमचा डिझेलचा पाया. मार्च २०२२ मध्ये जर्मनीत डिझेल लिटरला २ युरोच्या वर गेलं होतं, म्हणून हाताशी शंभर-सव्वाशे युरो जास्त ठेवा आणि निघायच्या आठवड्यात भाव परत बघा. युरोपियन कमिशन दर आठवड्याला सगळ्या सदस्य देशांचे सरासरी भाव एका तक्त्यात देतं, ऑइल बुलेटिन म्हणतात त्याला, तुलना करायला ते सगळ्यात सरळ. स्वित्झर्लंड सदस्य नाही म्हणून ते त्यात नसतं.

आता तुमचा मूळ प्रश्न, कुठे स्वस्त. हा फरक मुख्यतः टॅक्सचा असतो. युरोपियन युनियनने डिझेलवर किमान लिटरला ३३ सेंट उत्पादन शुल्क ठरवलंय, त्यावर कोणी किती लावायचं ते ज्याचं तो देश ठरवतो, आणि वर व्हॅट, जर्मनीत १९ टक्के, ऑस्ट्रिया-फ्रान्समध्ये २०, इटलीत २२. त्यामुळे क्रम सहसा फार हलत नाही. तुमच्या रूटवर ऑस्ट्रिया सहसा सगळ्यात स्वस्त, जर्मनी आणि फ्रान्स मधे, इटली महाग, आणि स्वित्झर्लंड सगळ्यात महाग, तिथे तर पेट्रोलपेक्षा डिझेल महाग असतं, हे आपल्या लोकांना पहिल्यांदा बघून खरं वाटत नाही. (दुसऱ्या बाजूला जाणाऱ्यांसाठी: लक्झेंबर्ग आणि स्पेन स्वस्त. लक्झेंबर्गमध्ये सरकार कमाल भाव ठरवतं त्यामुळे हायवेवरच्या पंपावरही लुटालूट नाही, आणि फ्रान्समधून स्पेनला उतरताना टाकी ला होंकेराला, म्हणजे बॉर्डर ओलांडल्यावर भरायची, आधी नाही.)

पण या फरकाची किंमत किती ते बघा. स्वस्त आणि महाग देशात लिटरला १७ सेंटचा फरक धरला आणि चमत्कार होऊन ३१५ च्या ३१५ लिटर स्वस्त देशातच भरता आले, तर वाचले ५३ युरो. ते शक्यच नाही कारण तुमचे निम्मे दिवस इटलीत आहेत. खरे वाचणार वीस-पंचवीस युरो. आणि त्यासाठी माणसं वाट वाकडी करतात. समजा १५ किमी आत जाऊन १२ सेंट स्वस्त पंप गाठला, ५० लिटर भरलं, ६ युरो वाचले. जाऊन-येऊन ३० किमीला तीन लिटरहून जास्त जळलं, ५ युरो २० सेंट गेले. पाऊण तास घालवून हातात आले ८० सेंट, आणि भाड्याच्या गाडीला रोजच्या किलोमीटरची मर्यादा असेल तर तेही नाहीत. वाटेवरच आहे तर भरा, वाट सोडून जाऊ नका, एवढंच.

मग पैसे कुठे जातात? पहिलं म्हणजे हायवेवरचा पंप. जर्मनीत ऑटोबानच्या कडेला जे सर्व्हिस एरिया असतात, रास्टश्टेटे म्हणतात, तिथे आणि खाली उतरून दोन किलोमीटरवरच्या गावातल्या पंपावर एकाच वेळी लिटरला ४० सेंट फरक मी कितीतरी वेळा लिहून ठेवलाय. इटली आणि फ्रान्सच्या टोल रोडवरही हीच गत, आकडा थोडा कमी. ३१५ लिटर सगळं हायवेवर भरलं तर सव्वाशे युरो जास्त गेले, म्हणजे देश-देश खेळून जे वाचणार होतं त्याच्या पाचपट. आणि हे टाळायला काहीच कष्ट नाहीत, फक्त पाव टाकी उरली की शोधायला लागायचं, लाल दिवा लागेपर्यंत थांबायचं नाही, कारण दिवा लागला की माणूस घाबरून समोर येईल त्या पंपावर घुसतो. जर्मनीत ऑटोहोफ अशी पाटी दिसली तर ती वेगळी गोष्ट, ते एक्झिटच्या बाहेर असतात, ट्रकवाले थांबतात, भाव बराच माणसात असतो. फक्त तिथे ट्रकच्या रांगेत लावू नका, ती नळी जाड आणि प्रेशर जास्त, आपल्या टाकीत नीट जात नाही. फ्रान्समध्ये सुपरमार्केटचे पंप, लक्लेर, इंटरमार्शे, कारफूर, सुपर यू, हे डोळे झाकून. तसंही भाजी घ्यायला जाणारच असता.

दुसरं, दिवसातली वेळ. जर्मनीत माझ्या वहीतल्या वर्षांत भाव दिवसभर वरखाली व्हायचे, सकाळी सातच्या सुमाराला सगळ्यात वर आणि संध्याकाळी सात-आठनंतर खाली, एकाच पंपावर दहा-बारा सेंट सहज. तिथल्या सगळ्या पंपांना २०१३ पासून भाव बदलला की लगेच सरकारी खात्याला कळवावा लागतो, त्यामुळे क्लेव्हर-टँकेन किंवा एडीएसी या मोटार क्लबच्या ॲपवर दिसतो तोच भाव पंपावर मिळतो. ऑस्ट्रियात उलटं, तिथे २०११ मध्ये नियम केला की भाव वाढवायचा तर दिवसातून एकदाच, दुपारी बाराला, कमी मात्र कधीही करता येतो. म्हणून तिथे बाराच्या आत भरायचं. आम्ही एकदा कुफश्टाइनला पावणेबाराला रांगेत होतो आणि मागचा माणूस सारखा घड्याळ बघत होता, तेव्हा कळलं नाही, बाराला पाटीवरचा आकडा बदलला तेव्हा कळलं. फ्रान्स, इटली, स्पेन तिघांचीही सरकारी साईट आहे जिथे पंपागणिक भाव दिसतो.

तिसरं इटलीतलं, आणि हे नीट वाचा. तिथे एकाच पंपावर दोन भाव असतात, सेल्फ आणि सेर्व्हितो. सेर्व्हितो म्हणजे माणूस येऊन भरून देणार. पहिल्या वर्षी गार्डाच्या वरच्या अंगाला एका छोट्या पंपावर मी गाडी लावली, टोपी घातलेले एक काका आले, हसून बोन्जोर्नो म्हणाले, नळी लावली, समोरची भली मोठी काच शिडीवर चढून पुसली, आणि मला इतकं बरं वाटलं की परक्या देशात कोणी एवढं करतंय. पावती हातात आल्यावर बघते तर बाजूच्या सेल्फच्या खांबापेक्षा लिटरला २२ सेंट जास्त, ५८ लिटरचे पावणेतेरा युरो. काकांची काहीच चूक नव्हती, पाटीवर दोन्ही आकडे स्पष्ट होते, मी मोठा आकडा वाचलाच नव्हता. तेव्हा आत शिरतानाच सेल्फ लिहिलेल्या खांबाला लावा. आधी मधल्या मशीनमध्ये कार्ड किंवा नोट टाकायची, पंपाचा नंबर दाबायचा, मग नळी उचलायची. नोट टाकत असाल तर टाकीत मावेल तेवढ्याचीच टाका, उरलेले पैसे मशीन परत देत नाही, चिठ्ठी देतं आणि ती माणूस असेल तेव्हा दाखवावी लागते, आणि दुपारी जेवणाच्या वेळेला माणूस नसतोच.

कार्डवरून आठवलं, हे भारतातून येणाऱ्यांसाठी महत्त्वाचं. असे बिनमाणसाचे पंप, फ्रान्सच्या सुपरमार्केटचेही, नळी सुरू होण्याआधी कार्डवर शंभर-दीडशे युरो अडवून ठेवतात, भरलं असेल ७० चं तरी. उरलेले सुटायला कधी काही तास, कधी बरेच दिवस. फॉरेक्स कार्डवर मोजकेच पैसे असतील तर दोन-तीनदा भरल्यावर कार्ड रिकामं दिसायला लागतं. माझ्या नणंदेचं नेमकं असंच झालं होतं, आविन्योंच्या बाहेर, मुलं मागे भुकेली आणि कार्ड चालेना. दोन कार्डं ठेवा, पिन पाठ ठेवा, आणि पंपावर माणूस बसलेला असेल तर आत जाऊन पैसे द्या, तिथे नेमकं बिल तेवढंच कापतात.

आता पुढची मोठी गोष्ट, वेग. व्हॅन दोन मीटरहून रुंद आणि अडीच मीटरहून उंच, म्हणजे तुम्ही एक भिंतच हवेत ढकलत नेताय. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, १०० वरून १२५ वर गेलात तर वेग सव्वापट पण विरोध दीडपटीच्याही वर. मी हे मुद्दाम करून बघितलं, म्युनिक ते लिंडाऊ ए-९६ वर, जाताना क्रूझ कंट्रोल १०० ला, येताना १२५ ला, दोन्हीकडे त्याच पंपावर टाकी काठोकाठ भरून. जाताना ९.४ लिटर, येताना १२.८. वेळ वाचला पंधरा-सोळा मिनिटं. तुमच्या ३००० पैकी १६०० किमी हायवे असेल तर १०० किमीला ३ लिटर जास्त म्हणजे ४८ लिटर, जवळपास ८० युरो. एका रात्रीच्या चांगल्या कॅम्पिंगचे पैसे आहेत हे, तेही तलावाकाठच्या. मी ९५ ते १०० च्या मधे चालवते, ट्रकच्या थोडी पुढे, बाकीच्यांच्या मागे, आणि मुलांना खिडकीतून काहीतरी दिसतंही. ब्रेनरच्या वाटेवर इन्सब्रुकच्या भागात तर हवेच्या प्रदूषणामुळे बऱ्याच ठिकाणी १०० चीच मर्यादा आहे.

ब्रेनरचा घाट चढताना मीटर बघून घाबरू नका. इन्सब्रुक ५७४ मीटरवर आणि खिंड १३७० ला, भरलेली साडेतीन टनाची गाडी तिथे क्षणाचा आकडा २०-२२ लिटर दाखवते. पलीकडे बोल्झानोपर्यंत उतारच उतार आहे आणि तिथे तोच मीटर कितीतरी वेळ शून्यावर असतो, सगळी सरासरी भरून येते. आणि कळकळीने सांगते, आपल्याकडे खंबाटकी किंवा खंडाळा उतरताना डिझेल वाचवायला न्यूट्रल करायची सवय काही जणांना असते, ती इथे आणू नका. आताच्या इंजिनात गिअरमध्ये ठेवून पाय उचलला की डिझेल पूर्ण बंद होतं, न्यूट्रल केलं तर उलट इंजिन चालू ठेवायला लागतंच. आणि साडेतीन टन नुसत्या ब्रेकवर पंधरा किलोमीटर उतरवले तर ब्रेक तापून वास यायला लागतो. खालचा गिअर, पाय वर.

गाडी निवडतानाच एक निर्णय आहे जो पंपांइतकाच जड पडतो. चौघं आहात म्हणून एजन्सी तुम्हाला ड्रायव्हरच्या डोक्यावर बेड असलेली, अल्कोव्हेनची गाडी दाखवेल. मुलांना ती फार आवडते, मला मान्य आहे, पण ती १२-१३ लिटर घेते. दोन लिटर जास्त धरले तरी ६० लिटर, १०० युरो. आणि फ्रान्सच्या टोलला उंची मोजतात: २ ते ३ मीटरच्या मधली आणि साडेतीन टनापर्यंतची गाडी क्लास २, ३ मीटर किंवा त्याहून उंच गाडी क्लास ३. बऱ्याच अल्कोव्हेन ३ मीटरच्या वर असतात. तेव्हा बुक करायच्या आधी एकूण उंची लेखी विचारा, २.९५ आणि ३.०५ मधे दिसायला काही फरक नाही पण नीसपासून आनसीपर्यंत प्रत्येक टोलला तो भरावा लागतो. चौघांसाठी पुढचा बेड वर छताला चिकटणारी, डोक्यावर फुगवटा नसलेली गाडी (जर्मनीत टाइलइंटेग्रीर्ट म्हणतात) मिळाली तर ती घ्या. वजन मात्र कोणत्याही परिस्थितीत साडेतीन टनाच्या आतलंच, त्यावर गेलं की साधं कार लायसन्स चालत नाही आणि टोलचे नियमही बदलतात.

टोल डिझेलच्या हिशोबातच धरा, कारण शेवटी दोन्ही मिळून रूट ठरतो. जर्मनी फुकट. ऑस्ट्रियाचा दहा दिवसांचा व्हिन्येट, म्हणजे हायवे वापरायचा पास, २०२५ ला १२ युरो ४० सेंट होता आणि ब्रेनरच्या ए-१३ चे साधारण १२ युरो वेगळे, ते व्हिन्येटमध्ये येत नाहीत. ते वाचवायला जुन्या रस्त्याने जायचा मोह होईल, पण उन्हाळ्यात शनिवार-रविवारी टिरोलमध्ये, म्हणजे इन्सब्रुकच्या प्रांतात, नुसतं पार जाणाऱ्यांना हायवे सोडू देत नाहीत, आणि गावागावातून थांबत चढण्यात डिझेल जातं ते वेगळंच. स्वित्झर्लंडचा ४० फ्रँकचा, वर्षाचाच मिळतो. फ्रान्समध्ये टोल रोड सोडून साध्या रस्त्याने ८० ने गेलं की टोलही वाचतो आणि आमचं ॲव्हरेज साडेआठ लिटरपर्यंत आलंय, पण दिवस जातो, म्हणून जिथे बघण्यासारखं आहे तिथेच तसं जा, प्रोव्हान्समध्ये नक्की जा.

मग तुमच्या रूटवर मी काय करेन ते सांगते. टाकी किती लिटरची आहे ते आधी विचारा, ७५ ची असते, ९० चीही असते. म्युनिकहून भरलेली निघेल. इन्सब्रुकला दूध घ्यायला थांबलात तर वर पंधरा लिटर टाका, नाहीतर सोडून द्या, दोन-अडीच युरोचा प्रश्न आहे. इटलीत गावातले सेल्फ. जिनोआहून निघताना टाकी पूर्ण भरायची गरज नाही, बॉर्डर ओलांडून नीसच्या पुढे सुपरमार्केटला भरा. आनसीला मात्र काठोकाठ, कारण तिथून जिनिव्हा, इंटरलाकेन, झ्युरिक करून पलीकडच्या बॉर्डरपर्यंत फिरण्यासकट ५००-५५० किमी, एवढं एका टाकीत आरामात होतं आणि स्वित्झर्लंडमध्ये एक थेंबही घ्यावा लागत नाही. पुढे लुस्टेनाऊ किंवा ब्रेगेन्झच्या आसपास ऑस्ट्रियात बाराच्या आत भरा. तिथे होहेनेम्सपासून जर्मन बॉर्डरपर्यंतच्या ए-१४ ला डिसेंबर २०१९ पासून व्हिन्येट लागत नाही, त्यामुळे पहिला संपला असला तरी दुसरा घेऊ नका.

पंपावर नळी उचलताना रंगावर जाऊ नका, प्रत्येक देशात रंग वेगळा. लेबल बघा, डिझेल चौकोनात बी७ असं, पेट्रोल गोलात ई५ किंवा ई१०. फ्रान्समध्ये गाझोल, इटलीत गासोलियो म्हणजे डिझेल. झाकणाशेजारी निळं झाकण असतं ते ॲडब्लूचं, म्हणजे धूर स्वच्छ करायला लागणाऱ्या वेगळ्या द्रवाचं, त्यात डिझेल नाही आणि डिझेलच्या टाकीत ॲडब्लू नाही, दोन्हीकडून इंजिनाचं मोठं काम निघतं. परत करताना ॲडब्लूही भरून मागतात का ते पहिल्याच दिवशी विचारा, पंपाच्या नळीवरचं कॅनपेक्षा बरंच स्वस्त पडतं. आणि टायरची हवा थंड असताना बघा, या गाड्यांना मागे ५ ते ५.५ बार लागते, दाराजवळच्या स्टिकरवर असते, कमी असेल तर ॲव्हरेज गुपचूप पडतं आणि उन्हात लांब पल्ल्याला टायरचा भरवसा राहत नाही.

शेवटची टाकी म्युनिकच्या अलीकडे आदल्या संध्याकाळी भरा, सकाळी गाडी परत द्यायच्या घाईत नको. नळी पहिल्यांदा खट्‌ झाली की मिनिटभर थांबा, डिझेलला फेस येतो, तो बसला की अजून दोन-तीन लिटर जातात आणि मग काटा पूर्ण वर राहतो. काट्याचा आणि किलोमीटरचा फोटो काढा, पावती पुढच्या खणात ठेवा, एजन्सीचा माणूस तीच आधी मागतो.